भोपळ्याला दाखवलेलं बोट

आमच्या सासरी कोवळ्या भोपळ्याला कुणी सरळ बोट दाखवत नसे. दाखवायचंच झालं तर बोट मुडपायचं आणि मुडपलेल्या पेरानं "तो बघा तिकडं" म्हणायचं. चुकून सरळ बोट गेलंच, तर तेच बोट दाताखाली धरून हलकं चावायचं, म्हणजे दोष उतरतो. नाहीतर फळ कुजतं. हे साऱ्या मुलखात मानायचे, माझ्या माहेरीही मानायचे. पण माहेरी आम्ही ते आठवलं तर मानायचो. सासूबाईंचं मानणं वेगळं होतं.

सासूबाईंना मी आत्या म्हणायचे आणि सासऱ्यांना मामा, आमच्याकडे तशीच रीत. आत्या भिणाऱ्या बाई नव्हत्या. गोठ्यात निघालेला साप त्यांनी चुलीच्या फुंकणीनं हाकलला होता. निजामाचं राज्य असताना दारात आलेल्या शिपायाला त्यांनी आधी जोडे बाहेर काढायला लावले होते, मग काय काम आहे ते विचारलं होतं. पण भोपळ्याच्या वेलीपाशी कुणाचं बोट लांब झालेलं दिसलं की ह्याच बाईच्या तोंडचं पाणी पळायचं.

आणखी एक रीत होती. अख्खा भोपळा बाईनं फोडायचा नाही. पहिला घाव पुरुषानं घालायचा. मग बाईनं त्याच्या फोडी करायच्या, सोलायच्या, किसायच्या, शिजवायच्या, वाढायच्या आणि शेवटी खरकटं काढायचं. भोपळ्यातलं पुरुषाचं काम तेवढं एकच, आणि तेवढं मात्र घरातले पुरुष फार ऐटीत करायचे. मामा तर घाव घालण्याआधी घसा खाकरायचे.

माझं लग्न वैशाखात झालं. माहेर वसमतच्या अंगाला, सासर जवळा बाजारच्या पल्याड, मधे नदी. निघताना मायनं माझ्या ओटीत खण-नारळासोबत एक पुरचुंडी घातली. तिच्याच जुन्या हिरव्या लुगड्याचा तुकडा, आणि त्यात बांधलेल्या भोपळ्याच्या बिया.

"परसात लाव," माय म्हणाली. "फळ पिकलं की एक मला पाठव."

"काहून? तुह्या येलीला कमी हायेत काय?"

"तू दिवाळीला येशील अन् हसून सांगशील, माय, मी सुखात हाय. तुहा भाऊ तुला आणाया जाईल, तो बी तेच सांगंल. त्याला ताटाच्या पल्याड काय दिसतंय. भोपळा खोटं बोलत न्हाई. ज्या घरात सुनंला येल वाढवाया सवड देतेत, तिथं सुनंला बी पोटभर मिळतं. भोपळा आला की माह्या जिवाला थारा लागंल."

मी हसले नाही. मायची धाकटी बहीण, माझी मावशी, तीही दर सणाला येऊन "बरं हाय" म्हणायची. तिच्या सासरी काय चाललं होतं ते ती गेल्यावर कळलं. आमच्या घरात ते कुणी मोठ्यानं बोलत नसे. म्हणून मी ती पुरचुंडी गाडीत बसल्यापासून उतरेपर्यंत मुठीतून सोडली नाही.

आत्यांनी पुरचुंडी बघितली आणि म्हणाल्या, "आमच्या गावात बी मिळत न्हाई म्हणून मायनं संगट दिलं काय?" एवढं बोलल्या, पण जागा दिली ती परसातली सगळ्यात चांगली. गोठ्याच्या मागं, उकिरड्याच्या कडेला, न्हाणीचं पाणी वाहत येऊन जिथं मुरायचं तिथं. वेल वाढली की गोठ्याच्या छपरावर चढवायची असं ठरलं. मायनं फळ मागितलंय, हे मी त्यांना सांगितलं नाही. नव्या सुनेनं आल्या आल्या घरातलं काही माहेरी पाठवायची गोष्ट काढली असती, तर गावभर झाली असती.

मिरगानंतर बिया उगवल्या, दोन-दोन पानं आली आणि पानांबरोबर तांबडे भुंगे आले. तुरीच्या दाण्याएवढे, गुळगुळीत, दिसायला मोठे देखणे. पण रातोरात पानाची चाळण करून टाकायचे. माझं तोंड उतरलं. आत्यांच्या अंगात मात्र वारं शिरलं. त्यांना भांडायला कुणीतरी लागायचंच, आणि गावातल्या बाया आताशा त्यांच्याशी भांडायला धजत नव्हत्या.

रोज पहाटे, दंव असताना, भुंगे गारठून पानाला चिकटलेले असायचे. तेव्हा आम्ही दोघी फुटक्या गाडग्यात पाणी आणि वर चार थेंब घासलेट घेऊन जायचो आणि एकेक भुंगा वेचून त्यात टाकायचो. ऊन चढलं की ते उडतात, मग तुम्ही त्यांच्या मागं आणि ते पुढं. वेचून झालं की चुलीची गार राख चाळणीतून ओल्या पानांवर धरायची. राख चिकटून बसते, भुंग्याला पान गोड लागत नाही. आत्या सारं परस राखाडी करून घरात यायच्या तेव्हा त्यांच्या भुवयासुद्धा पांढऱ्या झालेल्या असायच्या. मामा ओसरीवरून ओरडायचे, "बुवा आले, पीठ घाला."

एकदा मामांनाही हौस आली. त्यांनी चुलीतली राख तशीच सुपात घेतली आणि वेलीवर उधळली. तिच्यात निखारे होते. दोन पानं जळाली, मामांच्या धोतराला भोकं पडली. आत्यांनी धोतराकडं बघितलंही नाही. पानांपाशी बसून त्या म्हणाल्या, "भुंग्याला तरी भूक लागलेली असती. तुमाला काय झालं होतं?" त्यानंतर मामा वेलीला लांबूनच नमस्कार करायचे.

वेल वाचली. छपरावर चढली, पिवळी फुलं आली. पंचमीला भाऊ मला न्यायला यायचा होता, पण नदी अशी भरून वाहत होती की गाडी उतरेना. तो पलीकडूनच मागं फिरला असणार. म्हणजे मायला माझं काहीच कळलं नव्हतं, आणि दिवाळीपर्यंत कळायचं नव्हतं. मला वाईट वाटलं, पण छपराकडं बघून धीर यायचा. फुलांच्या मागं लिंबाएवढाली हिरवी फळं धरली होती.

आणि मग ती पिवळी पडायला लागली. आधी एक गळलं, मग दुसरं. मऊ पडायचं, खालून पाणी सुटायचं, हात लावला की देठातून निसटायचं.

"कुणी बोट दाखवलं?" आत्यांनी भाकरी थापता थापता विचारलं. परातीवरचा हात थांबला नाही.

"मी न्हाई बा," मामा म्हणाले. "मी तर हनुवटीनं दाखवितो."

"हनुवटीला बी टोकच हाय तुमच्या."

त्या दिवसापासून परसात जाणाऱ्यानं मूठ आवळून जायचं, असा हुकूम निघाला. मामा मागं हात बांधून फिरू लागले. आमच्या शेजारी मेंढरं राखणारं घर होतं. तिथली बाई रोज ताक न्यायला यायची आणि बोलायला बसायची. तिला हात हलवल्याशिवाय बोलता यायचं नाही. मेंढरू कुठं गेलं, लांडगा कुठून आला, सगळं ती हातानं दाखवायची. आत्यांनी तिला हात पदराखाली घालून बसायला लावलं. हात आत गेले आणि तिचं बोलणंच आटलं. ताक घेऊन मुकाट्यानं निघून गेली बिचारी.

मला कुणी काही म्हणालं नाही. तीच तर तकलीफ होती. आत्या माझ्या हातांकडं नुसत्या बघायच्या. घरात नवं माणूस एकच आलं होतं, आणि फळं ह्याच साली कुजत होती. मी मुठी आवळून वेलीला पाणी घालायला जायचे. मुठी आवळून कळशी कशी उचलायची, ते एकदा करून बघा. मला रडू यायचं ते आत्यांच्या बघण्याचं नाही. दिवाळीला भावाच्या गाडीतून मी रिकाम्या हातानं उतरेन, आणि माय माझ्या तोंडाकडं न बघता गाडीत मागं बघेल, हे डोळ्यांपुढून हलत नव्हतं.

कुजकी फळं आत्या उचलायच्या आणि वेलीशेजारच्याच उकिरड्यावर टाकायच्या. फोडून कुणी बघत नव्हतं. बायांनी फोडायचं नाही, आणि पुरुषांना घाव घालायचा तो पिकलेल्या, तांबूस, घारगे होणार असलेल्या भोपळ्यावर. कुजक्या लिंबाएवढ्या फळावर घसा कोण खाकरणार?

पण मी दिवसातून कितीदा तरी वेलीपाशी उभी राहत होते, त्यामुळे मला दोन गोष्टी दिसल्या. एक म्हणजे, गळालेल्या प्रत्येक फळाला कुठंतरी सुईनं टोचल्यासारखं बारीक भोक होतं आणि त्यावर डिंकाचा थेंब सुकलेला होता. दुसरं म्हणजे, एक माशी यायची. घरातल्या माशीसारखी नाही. पिवळसर, कमरेत बारीक, लहानशी गांधीलमाशीच म्हणा. ती कोवळ्या फळावर उतरायची, इकडं तिकडं चालायची, मग एका जागी थांबून शेपटाचं टोक फळाला टेकवायची आणि तशीच उभी राहायची.

आत काय आहे ते बघायचं होतं, आणि मला फोडता येत नव्हतं. म्हणून मी मालकांना सांगायचं ठरवलं.

आता हे तुम्हाला सोपं वाटेल. तेव्हा नवरा-बायको दिवसाउजेडी एकमेकांशी बोलत नसत. आमचं तोवरचं बोलणं म्हणजे मी पाण्याचा तांब्या ठेवायचा आणि त्यांनी तो उचलायचा. ते गोठ्यात बैलांना कडबा टाकत होते. मी खांबाआड उभी राहिले आणि म्हणाले, "आवं, एक मागायचं हाय."

ते एकदम सरळ झाले. अंगावरचा कडबा झटकला. चेहऱ्यावर असा भाव आला की मी मागेन ते आता हे आणून देतील. "सांग की. जवळ्याचा बाजार उद्याच हाय. बांगड्या आनू का?"

"बांगड्या न्हाई. हा कुजका भोपळा फोडा."

ते माझ्याकडं बघतच राहिले. मग फळाकडं. मग पुन्हा माझ्याकडं. "फोडू?"

"मला चालत न्हाई ना."

बाप तसा लेक. त्यांनी ते एवढंसं फळ दगडावर ठेवलं, विळा घेतला, घसा खाकरला आणि घाव घातला. आत पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. आम्ही दोघं वाकून बघत असताना त्यातली एक अळी कमानीसारखी वाकली आणि टणकन उडाली, ती थेट ह्यांच्या पावलावर. हे त्याहून उंच उडाले, गव्हाणीपलीकडं गेले. बैलानं तोंडातला कडबा थांबवून त्यांच्याकडं बघितलं.

मी पदर तोंडात कोंबला तरी हसू बाहेर आलंच. ते पलीकडून रागानं बघत होते, मग त्यांनाही हसू फुटलं. लग्नानंतर आम्ही दोघं मिळून हसलो ते तेव्हा पहिल्यांदा. त्या दिवशी मला तो माणूस आवडला. मग मी त्यांना मायचं सगळं सांगितलं, मावशीचंही सांगितलं. ऐकून ते खुरपं घेऊन उकिरड्याच्या कडेची माती उकरायला लागले. मातीत तांबूस, गव्हाच्या दाण्यासारखे कोष निघाले. एक फोडला तर आत माशीच तयार होत होती.

"इथंच जन्मतेत अन् इथंच डसून राहिल्यात," ते म्हणाले. "आई रोज त्यांना घरपोच खाऊ आणून टाकती."

दुपारी जेवताना त्यांनी हिंमत केली. "आई, फळं बोटानं न्हाई कुजत. माशी डसती."

"माशी तर गुळावर बी बसती," आत्या म्हणाल्या. "गूळ कुजला काय कधी?"

ह्यांनी भाकरीचा घास मोडला आणि खाली बघून खाल्ला. मामा म्हणाले, "बराबर हाय," कारण ते नेहमीच तसं म्हणायचे.

दुसऱ्या दिवशी हे बैल सोडता सोडता मला म्हणाले, "आईला माशी दिसत न्हाई, बोट दिसतं. मंग आपुन बोटापासूनच झाकू." आणि संध्याकाळी आत्यांपाशी जाऊन बसले, चेहरा अगदी साधा करून. "आई, साऱ्या गावाच्या बोटाला आपुन काय बंद घालावं? फळंच झाकून टाकू. दिसलंच न्हाई तर दाखवतील काय?"

आत्यांनी लेकाकडं असं बघितलं की जणू हा आत्ताच तहसीलदार होऊन घरी आलाय. "ह्याला म्हणतेत अक्कल," त्या मामांना म्हणाल्या. मामा म्हणाले, "बराबर हाय."

मग आत्यांनी घरातल्या चिंध्या काढल्या. कामाला लागल्या की त्यांचा हात कुणाला ऐकायचा नाही. "फूल मिटल्याबिगर बांधू नको," त्यांनी मला सांगितलं, "त्याला बी जरा जग बघू दे." आणि बांधायचं ते लेकराच्या टोपड्यासारखं ढिलं, फळ वाढलं तर काचू नये म्हणून. मी माझ्या पेटीतून मायच्या हिरव्या लुगड्याचा तुकडा आणला आणि छपराच्या कोपऱ्यावरच्या, सगळ्यात ठसठशीत फळाला बांधला. कुजलेली फळं ह्यांनी टोपल्यात भरून शेतात नेली आणि खोल खड्ड्यात पुरली. आत्यांनी विचारलं तर म्हणाले, "बोट लागलेलं फळ घरापाशी काहून ठेवावं?" आत्यांना ते फारच पटलं. तेव्हापासून गळालेलं फळ त्या स्वतःच्या देखरेखीखाली शेतात पाठवायला लागल्या.

आमचा गोठा रस्त्यावरून दिसायचा. छपरावर चिंध्यांची गाठोडी लोंबताना बघून येणारी-जाणारी बाई थांबायची. "काय वो, येलीला लेकरं झाली वाटतं. बारसं कवा हाय?"

"तुमीच या बारशाला," आत्या म्हणायच्या. "नावं ठेवाया तुमचा हात कोन धरतंय."

फळं टिकली. सगळी नाही, पण टिकली. हिरव्या लुगड्यातलं फळ सगळ्यांच्या पुढं गेलं. तुकडा अपुरा पडला, तोवर साल निबर झाली होती. मग आत्यांनी तो सोडून धुतला आणि फळाखाली चुंबळीसारखा ठेवला. बाकीची हिरवी असतानाच ते तांबूस झालं. दिवाळीपर्यंत पिकलेलं असं तेवढं एकच होतं.

भाऊ मला न्यायला आला. बहिणीला सासरहून आणायला येणाऱ्याला मुराळी म्हणतात, आणि मुराळ्याचा पाहुणचार चुकला तर सासरचं नाक जातं. आत्यांचं नाक तर फार मोठं. त्यांनी लगेच लेकाला हाक मारली. "तो पिकलेला भोपळा काढ. सुनंच्या मायचं बी हाय, सुनंच्या भावाला त्याचेच घारगे खाऊ घालू."

त्या भल्या बाई माझ्या माहेरचा मान करायला निघाल्या होत्या, आणि त्याच मानापायी मायचा भोपळा जाणार होता.

ह्यांनी भोपळा काढला. ओसरीवर ठेवला. विळा घेतला आणि धार बघायला लागले. धार बघून झाली, पुन्हा बघायला लागले. "बोथट हाय," म्हणाले. मामांनी आतून दुसरा विळा आणून दिला. त्याची मूठ ढिली निघाली. मामा वैतागले. "आरं भोपळा हाय, बैल न्हाई. दे इकडं." त्यांनी विळा घेतला आणि घसा खाकरला.

"आत्या," मी दारातून म्हणाले. घरात मुराळी बसलेला असताना सुनेनं असं बोलायचं नसतं. "तो मायला द्यायचाय."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी रडत रडत सांगितलं, मायनं काय मागितलं होतं ते, आणि का मागितलं होतं ते. भाऊ खाली मान घालून बसला. त्यालाही ते पहिल्यांदाच कळत होतं.

आत्यांनी पुढं होऊन मामांच्या हातातला विळा घेतला आणि बाजूला ठेवला. भोपळ्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या, जरा जास्तच वेळ उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "पहिलंच सांगाया काय झालं होतं तुला?" आणि पुरणाची डाळ शिजत घालायला आत गेल्या. मामांना घारगे फार आवडायचे. ते त्या दिवशी "बराबर हाय" म्हणाले नाहीत.

निघताना भोपळा हिरव्या तुकड्यात बांधून आत्यांनी स्वतः गाडीत कडब्यावर ठेवला. भावाला म्हणाल्या, "बहीण जराशी हिंदकळली तरी चालंल. ह्याला धक्का लागू देऊ नको."

माय दारातच उभी होती. तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं नाही, गाडीत मागंच बघितलं. हिरवा तुकडा ओळखला. भोपळा दोन्ही हातांनी उचलला, घरात नेला, देवापाशी ठेवला आणि तिथंच भिंतीला टेकून बसली. "आता बोल," मला म्हणाली, "आता ऐकते." मी मुठींचं सांगितलं, हनुवटीचं सांगितलं, गव्हाणीपलीकडं मारलेल्या उडीचं सांगितलं. मायच्या डोळ्यांतून हसून हसून पाणी आलं, आणि हसू थांबलं तरी पाणी थांबलं नाही.

मी परत आले तेव्हा तुळशीचं लग्न होऊन गेलं होतं. वेल सुकत चालली होती. आत्या परसात बाजेवर तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या, मला शेजारी बसवून घेतलं आणि विचारायला लागल्या. मायनं भोपळा कुठं ठेवला? कुणी फोडला? घारगे गुळाचे केले का? बिया ठेवल्या का? हातात घेतल्यावर पहिलं काय म्हणाली? मी सांगत गेले. सांगून संपलं तरी त्या पुन्हा तेच विचारत होत्या, तेव्हा मला काहीतरी वेगळं वाटलं.

"माह्या मायनं बी दिलं होतं बी," आत्या शेंगेकडं बघत म्हणाल्या. "ह्याच जागी लावलं होतं मी. पंचमीला दादा आला. येलीला एकच फळ, मुठीएवढं. मी येडी, हरखले. बोट केलं सरळ. हा बघ दादा, हा मायला, म्हणलं. दादा गेला अन् फळ पिवळं पडलं. दिवाळीला त्याच्या गाडीत मला काहीच घालता आलं न्हाई. माय शिमग्याच्या आत गेली." त्यांनी शेंग सोलली, दाणे सुपात टाकले. "मी सुखात हाय का दुःखात, तिला कळलंच न्हाई. माह्या बोटानं झालं ते."

इतके दिवस मी त्या बाईच्या बोटाच्या धाकाला हसत होते.

"आत्या, बोट न्हवतं," मी म्हणाले. "माशी होती."

"माशी तर गुळावर..." एवढं म्हणून त्या थांबल्या.

वेलीच्या टोकाला उशिरा धरलेली दोन फळं होती. त्यांना कुणी चिंधी बांधली नव्हती. त्यातलं एक पिवळं पडलेलं. मी ते तोडून आणलं आणि ह्यांना हाक मारली. सगळ्यांच्या देखत, दिवसाउजेडी. ते आले, दोघींची तोंडं बघितली, आणि न विचारता, न खाकरता विळा घातला. आत अळ्या होत्या. एक उडाली. ह्या वेळी हे जागचे हलले नाहीत, आई बघत होती ना.

आत्या वाकल्या. तुरीच्या काडीनं त्यांनी एकेक अळी बाजूला सारली, भोकापर्यंत गेलेली वाट बघितली, वरचा डिंकाचा थेंब बघितला.

"माह्या फळात बी ह्याच आसतील?"

"ह्याच आसतील."

"मी बोट करायच्या पहिलंच?"

"पहिलंच, आत्या. मुठीएवढं झालतं म्हणजे माशी कवाच डसून गेली आसंल."

त्यांनी काडी खाली ठेवली आणि आम्हा दोघांकडं बघितलं. "तुमाला ठावं होतं."

"व्हय," हे म्हणाले.

"अन् मला चिंध्या बांधाया लावल्या."

आम्ही दोघांनी माना खाली घातल्या.

"बऱ्या बांधल्या मी," आत्या म्हणाल्या.

वेलीवर राहिलेलं दुसरं फळ अजून हिरवं होतं, मुठीएवढं. थंडीत ते पिकणार नव्हतं, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. आत्या उठून त्याच्यापाशी गेल्या. उजवा हात पुढं केला. सवयीनं बोट मुडपलं गेलं, ते त्यांनी डाव्या हातानं धरून सरळ केलं, आणि तसंच सरळ फळाकडं धरून ठेवलं.

"हा बघ दादा," त्या म्हणाल्या. "हा मायला."